आधी धीर, मग प्रश्न

मानसोपचार परिचर्या हा विषय नर्सिंगच्या अभ्यासक्रमात उशिरा येतो आणि लवकर उरकला जातो. येरवड्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात काही आठवड्यांची पोस्टिंग, दोन-तीन केस स्टडी, प्रोसेस रेकॉर्डिंगची वही, व्हायवातले ठरावीक प्रश्न, की झाले. २,५४० मंजूर खाटांच्या त्या अवाढव्य रुग्णालयातून बाहेर पडताना पुष्कळ मुलींची समजूत पक्की झालेली असते की हे काम मनोरुग्णालयात चालते, आपल्याला तिथे नोकरी करायची नाही, तेव्हा हा विषय इथेच संपला. पुढे त्यांतली एखादी शिरूरच्या ग्रामीण रुग्णालयात लागते, एखादी दौंडच्या उपजिल्हा रुग्णालयात, एखादी यवतला किंवा न्हावऱ्याला. पहिल्याच रात्रपाळीत तिच्यासमोर येतो औषध प्यालेला तरुण. त्याचे पोट कसे धुवायचे हे तिला शिकवलेले असते, पण शुद्धीवर आल्यावर त्याच्याशी काय बोलायचे हे नसते. जिन्यावरून पडले असे सांगणारी, पण दंडावर बोटांचे वळ असलेली बाई येते. नगर रोडवरच्या अपघातात भाऊ गेलेला, स्वतःला मात्र खरचटलेही नाही असा मुलगा येतो आणि बाकावरून उठायलाच तयार होत नाही. मनोरुग्णालय मागे राहिलेले असते, विषय मात्र तिच्याबरोबर आलेला असतो.

या पुस्तकाचा वाचक म्हणून माझ्या डोळ्यांपुढे हीच सिस्टर आहे, आणि तिच्याइतकाच तिच्याबरोबर काम करणारा ब्रदरही. जीएनएम किंवा बीएस्सीच्या वर्गात बसलेल्या, ‘पेप्लॉचे चार टप्पे लिहा’ या प्रश्नाचे उत्तर घोकणाऱ्या विद्यार्थ्यांनाही मी इथे मनापासून बोलावतो आहे. परिचर्येचे सिद्धांत आणि आघाताचे भान ठेवणारा मानसोपचार हे दोन विषय आपल्याकडे वेगवेगळ्या कपाटांत ठेवले गेले. पहिला परीक्षेपुरता, दुसरा मोठ्या शहरांतल्या समुपदेशकांपुरता. माझे म्हणणे असे की हे दोन्ही एकाच गोष्टीविषयी बोलतात, आणि ती गोष्ट रोज परिचारिकेच्याच हातून घडते किंवा बिघडते. घाबरलेल्या माणसाला आधी निर्धास्त वाटले पाहिजे. त्याची कहाणी, निदान, समुपदेशन हे सगळे त्यानंतरचे आहे.

आधी आपला मुलूख पाहू. शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्याच्या पूर्वेचे तालुके. घोड आणि भीमा या नद्या, कालवे, आणि त्यांच्या आधाराने पसरलेला ऊस. साखर कारखान्यांच्या गाळपासाठी बीड आणि नगरकडून येणाऱ्या ऊसतोड टोळ्या, त्यांच्या कोप्या, मुकादमाकडून घेतलेली उचल. रांजणगाव आणि कुरकुंभ इथल्या औद्योगिक वसाहती, त्यांतले परप्रांतीय कामगार, कुरकुंभच्या रासायनिक कारखान्यांची दहशत. दौंडचे मोठे रेल्वे जंक्शन. राज्य राखीव पोलीस दलाचे गट क्रमांक ५ आणि ७, ज्यांचे जवान कुठल्या कुठल्या बंदोबस्तावर जातात आणि काय काय पाहून परत येतात. शिरूरच्या पश्चिमेला आंबेगाव तालुका, जिथे ३० जुलै २०१४ रोजी डोंगर कोसळून माळीण गाव गाडले गेले आणि १५१ माणसे गेली. १ जानेवारी २०१८ च्या हिंसाचारात होरपळलेली कोरेगाव भीमा, सणसवाडी, वढू बुद्रुक ही गावे शिरूर तालुक्यातलीच. एवढ्या पट्ट्यात मनाला जबर धक्का बसलेली माणसे किती असतील याचा हिशेब कोणी ठेवत नाही. ती रुग्णालयात येतात तेव्हा आघाताचे नाव घेऊन येत नाहीत. छातीत धडधडते, हातापायाला मुंग्या येतात, डोके भणभणते, झोप उडाली, जेवण जात नाही अशा तक्रारी घेऊन येतात. ईसीजी नॉर्मल निघतो, बी-कॉम्प्लेक्सचे इंजेक्शन मिळते, आणि पुढच्या आठवड्यात तीच बाई त्याच रांगेत उभी असते.

आघातावरचे आधुनिक ज्ञान फार जुने नाही. व्हिएतनाम युद्धातून परतलेले सैनिक आणि अत्याचार सोसलेल्या स्त्रिया यांच्या चळवळींच्या रेट्यानंतर १९८० साली अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानसूचीत आघातोत्तर तणाव विकृतीला, म्हणजे पीटीएसडीला, जागा मिळाली. १९९२ साली जुडिथ हर्मन यांचे ‘ट्रॉमा अँड रिकव्हरी’ आले. घरात मार खाणारी बाई, लैंगिक अत्याचार सोसलेले मूल आणि युद्धकैदी यांच्या मनाच्या जखमांत किती साम्य आहे हे त्यांनी दाखवले आणि बरे होण्याचे तीन टप्पे मांडले : आधी सुरक्षितता, मग आठवण आणि शोक, मग पुन्हा माणसांत मिसळणे. २००१ साली मॅक्सीन हॅरिस आणि रॉजर फॅलो यांनी एक पाऊल पुढे टाकले. एकेका रुग्णाच्या उपचारावर न थांबता सगळी सेवाच, म्हणजे दार, खिडकी, केसपेपर, रांग, वॉचमनचा आवाज हे सगळे, आघाताचे भान ठेवून उभारायला हवे असे त्यांनी म्हटले. सुरक्षितता, विश्वासार्हता, निवड, सहकार्य आणि सबलीकरण ही त्यांची पाच तत्त्वे. पुढे २०१४ साली अमेरिकेच्या ‘साम्सा’ या सरकारी संस्थेने त्यांत समदुःखींचा आधार आणि संस्कृती-इतिहास-लिंगभाव यांचे भान यांची भर घातली.

या चळवळीतले एक घोषवाक्य फार लोकप्रिय झाले आहे. ‘तुला काय झाले आहे’ असे न विचारता ‘तुझ्या बाबतीत काय घडले’ असे विचारा, असे ते सांगते. त्यामागचा हेतू चांगला आहे, पण अर्धवट प्रशिक्षणानंतर त्याचा उपयोग होतो तो उलटाच. नुकतीच कार्यशाळा करून आलेली सिस्टर स्त्रीकक्षात, पडदा नसलेल्या कॉटपाशी, सासू शेजारी बसलेली असताना विचारते, ‘सांगा, काय घडलं तुमच्यासोबत?’ बाई बोलत नाही, किंवा बोलते आणि मग रात्रभर थरथरते. हर्मन यांचा पहिला टप्पा ओलांडून थेट दुसऱ्यावर उडी मारली की असे होते. आघाताचे भान ठेवणे म्हणजे आघाताची हकिकत काढून घेणे नव्हे. हकिकत माहीत नसतानाही, तिच्या बाबतीत काही घडले असू शकेल असे धरून वागणे म्हणजे ते भान. हा फरक या पुस्तकातून दुसरे काही लक्षात राहिले नाही तरी राहावा.

आता परिचर्येच्या सिद्धांतांकडे वळतो, आणि त्यांतही हिल्डेगार्ड पेप्लॉ यांच्याकडे, कारण या विषयाचा पाया त्यांनी घातला. पेन्सिल्व्हेनियातल्या रेडिंग गावात १९०९ साली त्यांचा जन्म झाला. चेस्टनट लॉज या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ हॅरी स्टॅक सलिव्हन यांच्या विचारांशी त्यांची गाठ पडली. दुसऱ्या महायुद्धात त्या इंग्लंडमधल्या लष्करी मानसोपचार रुग्णालयात होत्या. युद्धाने खचलेले सैनिक त्यांनी जवळून पाहिले. ‘इंटरपर्सनल रिलेशन्स इन नर्सिंग’ हे त्यांचे पुस्तक १९४८ सालीच लिहून तयार होते. पण सहलेखक म्हणून एखाद्या डॉक्टरचे नाव नसताना एका नर्सचे पुस्तक छापायचे कसे, या विचाराने ते अडून राहिले आणि १९५२ साली बाहेर आले. चार वर्षे थांबलेल्या या पुस्तकाने परिचारिकेला डॉक्टरच्या हुकमाची अंमलबजावणी करणारी या जागेवरून उठवले आणि नाते हेच तिचे उपचाराचे साधन आहे असे ठामपणे सांगितले.

त्यांचे चार टप्पे, म्हणजे ओळख, जवळीक, उपयोग आणि समाप्ती, सगळ्यांना पाठ असतात. त्यांतली एक बारीक गोष्ट मात्र अभ्यासात निसटते. पेप्लॉ यांनी परिचारिकेच्या ज्या भूमिका सांगितल्या त्यांत पहिली आहे ‘अनोळखी व्यक्ती’ची. आई, बहीण, मैत्रीण या नात्यांच्या आधी परिचारिका परकी असते आणि परक्याने परक्याशी वागावे तसे सौजन्य तिने दाखवायला हवे. आपल्याकडे सिस्टर पहिल्याच मिनिटाला ‘काय गं, काय झालं’ म्हणून अंगाला हात लावते. त्यात माया असते, मी ती नाकारत नाही. पण जिच्या अंगाला न विचारता हात लागलेला आहे, तिला ती मायाही झेपत नाही. ‘मी रात्रपाळीची सिस्टर. माझं नाव अमुक. सकाळी आठपर्यंत मी आहे. तुमचा बीपी बघू का?’ या चार वाक्यांत पेप्लॉ यांचा पहिला टप्पा आणि हॅरिस-फॅलो यांची निम्मी तत्त्वे येऊन जातात. वेळही फारसा जात नाही.

त्यांचे दुसरे मोठे देणे म्हणजे चिंतेच्या पायऱ्या : सौम्य, मध्यम, तीव्र, आणि पार भान सुटलेली, म्हणजे पॅनिक. पहिल्या दोन पायऱ्यांवर माणूस शिकू शकतो, समजून घेऊ शकतो. तिसऱ्या पायरीवर त्याच्या कानावर पडते ते एखाद-दुसरे वाक्य, आणि चौथ्यावर फक्त आवाजाची पट्टी. म्हणून तीव्र चिंतेतल्या नातेवाइकाला लांबलचक समजावणे व्यर्थ असते. छोटी वाक्ये, तीच पुन्हा, आणि शेजारी कोणी तरी थांबलेले असणे एवढेच कामी येते. अपघातानंतर बाकावर बसून राहिलेल्या त्या मुलाला घराचा पत्ता तिसऱ्यांदा विचारण्याऐवजी ‘मी इथेच आहे, पाणी आणलंय’ म्हणणारी सिस्टर पेप्लॉ यांचाच सिद्धांत वापरत असते.

आयडा जीन ऑर्लँडो यांनी १९६१ साली मांडलेली गोष्ट याहूनही साधी आणि, माझ्या मते, आपल्या वॉर्डांना सर्वांत जास्त लागणारी आहे. रुग्णाचे वागणे पाहून परिचारिकेच्या मनात एक अर्थ उमटतो. तो अर्थ बरोबर आहे की नाही हे रुग्णालाच विचारून पडताळल्याशिवाय तिने पुढे काही करू नये. गाळप हंगामात आपल्याकडे कोणत्याही रात्री घडू शकेल असा एक प्रसंग घ्या. टोळीतली एक बाई ओटीपोटात दुखते म्हणून दाखल आहे. रात्री एकच्या सुमारास ती कॉटवरून उठते, सलाइनचा स्टँड धरून दारापर्यंत जाते, परत येते, पुन्हा जाते. शेजारच्या कॉटवरून कुरकुर सुरू होते. सिस्टरच्या मनात अर्थ उमटतो : दुखणे वाढले असावे. हात वेदनाशामक इंजेक्शनकडे जातो. ऑर्लँडो यांना मानणारी सिस्टर तिथेच थांबते आणि म्हणते, ‘ताई, तुम्ही मघापासून येरझाऱ्या घालताय. मला वाटलं दुखतंय म्हणून. तसंच आहे का?’ बाई मान हलवते. ‘दुखणं न्हाई ओ. त्या दाराला कडी लागती का रातच्याला?’ दाराला कडी नसते, कारण वॉर्डाच्या दाराला ती नसतेच. पण कॉट दारापासून हलवून नर्सिंग स्टेशनसमोर घेता येते, वॉर्डबॉय मामांना दाराशी खुर्ची टाकायला सांगता येते, आणि ‘माझ्याशिवाय इथून कोणी आत येणार नाही’ असे तिला सांगता येते. ती झोपते. तिला कोणाची भीती होती हे अजूनही कोणी विचारलेले नाही, आणि त्या रात्री विचारण्याची गरजही नाही.

२०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, हे अनेकांना आठवत असेल. त्या प्रकरणाचा आपल्या विषयाशी थेट संबंध आहे. काही बायकांच्या बाबतीत आघात घरात किंवा फडात घडलेला नसतो, तो दवाखान्यातल्या टेबलावर घडलेला असतो. अशी बाई आपल्या तपासणीच्या खोलीत पाऊल ठेवताच आक्रसते आणि आपण तिला ‘कोऑपरेट करत नाही’ असा शेरा मारतो.

जॉइस ट्रॅव्हलबी, जीन वॉटसन यांची ओळख पुढच्या प्रकरणांत सविस्तर आहे, इथे नुसता उल्लेख करतो. ट्रॅव्हलबी यांनी १९६६ साली रुग्ण आणि परिचारिका या पाट्या गळून दोन माणसे समोरासमोर येण्याची प्रक्रिया मांडली. वॉटसन यांनी १९७९ पासून काळजी घेणे हेच परिचर्येचे शास्त्र आहे असे प्रतिपादन केले. मॅडलिन लायनिंगर यांच्यापाशी मात्र थोडे थांबायला हवे. संस्कृतीनुसार परिचर्या हा त्यांचा विषय आपल्याकडे रोज समोर येतो, कारण रुग्णालयात येण्याआधी घरचे लोक देवऋषाकडे जाऊन आलेले असतात. ‘बाहेरचं झालंय’ असे आजी सांगते तेव्हा सिस्टर हसली, तर पुढची सगळी माहिती बंद होते. मारहाण, चटके, उपाशी ठेवणे असे काही झाले असेल तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याची आठवण ठेवावी, तिथे तडजोड नाही. पण अंगारा लावणे, नवस बोलणे, अंगात येणाऱ्या बाईला गावाने सांभाळून घेणे यांकडे तुच्छतेने पाहू नये. पुण्यात बापू ट्रस्ट उभारणाऱ्या भार्गवी दवर यांनी श्रद्धास्थानी जाणाऱ्या स्त्रियांविषयी आणि मनोरुग्णालयांतल्या सक्तीविषयी जे लिहिले ते प्रत्येक परिचारिकेने वाचावे. ते सगळेच पटेल असे नाही, पण उपचार घेणाऱ्याच्या बाजूने आपली व्यवस्था कशी दिसते हे त्यातून कळते.

एवढे सगळे सिद्धांत परदेशातून आले, इथे काय होते असा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. त्याचे उत्तर दौंड तालुक्यातच आहे. पुणे-सोलापूर रेल्वेमार्गावर केडगाव आहे आणि केडगावात पंडिता रमाबाईंचे मुक्तिमिशन आहे.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांनी वडील, आई आणि बहीण एकापाठोपाठ गमावली. भाऊ श्रीनिवास यांच्याबरोबर त्या पायी देशभर हिंडल्या. १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती गेले, कडेवर लहानगी मनोरमा. ही बाई १८८९ साली मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढते, पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवते. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या स्वतः तिकडे गेल्या. मदत छावण्यांत आणि गरीबखान्यांत निराधार मुलींचे काय होते हे त्यांनी पाहिले. भुकेइतकाच धोका तिथल्या माणसांपासून होता. शेकडो मुलींना त्यांनी आणले. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून केडगावच्या मोकळ्या जमिनीवर तात्पुरता निवारा करून त्या राहिल्या. १८९८ मध्ये मुक्तिसदन उभे राहिले. १९०० च्या दुष्काळानंतर तिथल्या रहिवाशांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

आपल्या विषयाच्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे ते तिथले रोजचे चालणे. आधी अन्न, अंघोळ, कपडा, औषध आणि रात्री डोक्यावर छप्पर. शारदा सदनात शिकून तयार झालेल्या मुलींनी नव्या आलेल्या मुलींची जबाबदारी घेतली. जिने स्वतः वैधव्य आणि उपेक्षा सोसली होती ती आता दुसरीची वेणी घालत होती, तिला अक्षर गिरवायला शिकवत होती. मग काम : विणकाम, शेती, तेलघाणा, छापखाना. कृपा सदन ही समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी वेगळी जागा होती, अंध मुलींना ब्रेल शिकवले जात होते. रमाबाईंना मी आघातोपचाराची जनक ठरवत नाही. त्यांनी हे धर्मश्रद्धेतून केले, शास्त्रातून नव्हे. पण मन मोडलेल्या शेकडो मुली एकदम समोर आल्यावर कोणत्या क्रमाने काय करायचे, हे स्वतः दुष्काळातून गेलेल्या एका बाईला नेमके उमगले होते. स्वतःच्या दुष्काळाची हकिकत त्यांनी लिहूनही ठेवली आहे.

केडगावची गोष्ट सांगताना एक अवघड बाजू झाकून चालणार नाही. १८९३ मध्ये शारदा सदनात मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो यावरून पुण्यात वादळ उठले आणि रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाहेर पडले. त्या वादात जातीचा आणि पुरुषी अहंकाराचा भाग किती होता यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. आपल्यापुरता प्रश्न वेगळा आहे. ज्या हातांनी भाकरी दिली त्या हातांना नाही म्हणणे कितपत शक्य असते? हा प्रश्न फक्त मिशनला लागू नाही. सरकारी दवाखान्यातल्या रुग्णालाही आपल्याला नाही म्हणता येत नाही, कारण त्याला दुसरीकडे जायला पैसे नसतात. ‘निवड’ हे तत्त्व पुस्तकात सोपे दिसते. प्रत्यक्षात रुग्णाला नकाराची जागा आपणच मुद्दाम करून द्यावी लागते, आणि त्याने नकार दिल्यावर आवाज चढू द्यायचा नसतो.

हर्मन यांच्या पहिल्या टप्प्याविषयी आपल्या भागातून एक गंभीर शंका उभी राहते आणि ती मला महत्त्वाची वाटते. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूरच्या पिंपरखेड-जांबूत परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे गेली, त्यांत लहान मुलेही होती. त्यानंतर तिथल्या एखाद्या आईला झोप लागत नसेल, मुलाला अंगणात सोडवत नसेल, तर त्याला आजार म्हणायचे का? ऊस तसाच उभा आहे, बिबट्या उसातच आहे, आणि रात्रीच्या लायटीला दारे धरायला घरच्या माणसाला जावेच लागते. धोका संपल्यानंतरही मन सावध राहते तो आघातोत्तर तणाव. इथे धोका संपलेलाच नाही. मारकुट्या नवऱ्याच्या घरी परत जाणाऱ्या बाईचेही तसेच. अशा ठिकाणी श्वासाचे व्यायाम शिकवून भागत नाही. पिंजरा, दिवसाची वीज, संरक्षण अधिकारी, माहेरचा आधार हे सगळे उपचाराचेच भाग होतात, आणि त्यासाठी परिचारिकेला वनखाते, ग्रामपंचायत, पोलीस ठाणे यांचे फोन नंबर तोंडपाठ असावे लागतात. पाश्चात्त्य ग्रंथांत हे प्रकरण सापडत नाही. ते आपल्याला लिहावे लागेल.

मानसोपचाराची सीमा कुठे, हेही स्पष्ट असावे. आठवणींना पद्धतशीर सामोरे जाण्याचे प्रोलाँग्ड एक्सपोजर, डोळ्यांच्या हालचालींचा वापर करणारे ईएमडीआर, मुलांसाठीची आघातकेंद्री बोधात्मक वर्तनचिकित्सा या उपचारांना पुरावा आहे, पण त्यांना रीतसर प्रशिक्षण आणि देखरेख लागते. वॉर्डातल्या परिचारिकेने ते वाचून करू नयेत. मोठ्या दुर्घटनेनंतर सगळ्यांना एकत्र बसवून एकाच बैठकीत सारे बोलून घ्यायला लावण्याची पद्धत एके काळी रूढ होती. तिचा उपयोग होत नाही, काहींना अपायच होतो असे पुढे दिसून आले. तिच्या जागी आता मानसिक प्रथमोपचार आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली त्यांची पुस्तिका काढली : पाहा, ऐका, जोडून द्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर मनावर काय परिणाम झाले याचा अभ्यास महाराष्ट्रात झाला आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या त्या प्रकल्पाचे प्रमुख होते डॉ. मोहन आगाशे, ज्यांना बहुतेक वाचक नट म्हणून ओळखतात. आपत्तीनंतरचे मानसिक आरोग्य हा विषय आपल्या राज्याला परका नाही, याची ती साक्ष.

आणि प्रत्येक मनोविकार आघातातून येतो असेही मानू नये. स्किझोफ्रेनिया, बायपोलर हे आजार आहेत. त्यांना औषधे लागतात, आणि नियमित लागतात. ‘लहानपणी काय झालं होतं’ हे शोधत बसून औषध लांबवणे हा रुग्णावर अन्यायच. पण स्किझोफ्रेनिया असलेल्या माणसावरही आघात होतात, आणि त्यांतले काही आपल्याच आवारात होतात. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतल्या एरवडी येथे साखळदंडांनी बांधलेले पंचवीसहून अधिक मनोरुग्ण आगीत जळून गेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळ्यांना पूर्ण बंदी केली, एकांतकोठडीलाही केली. बांधून ठेवणे तातडीचा धोका टाळण्याचा दुसरा मार्गच नसेल तेव्हाच, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने आणि गरजेपुरतेच चालते. शिक्षा म्हणून चालत नाही, आणि कर्मचारी कमी आहेत म्हणूनही चालत नाही. हे शेवटचे वाक्य कायद्यात आहे हे पुष्कळ सिस्टरांना कोणी सांगितलेलेच नसते. त्याच कायद्याचे ११५ वे कलम सांगते की आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरावे. औषध पिऊन आलेल्या मुलाच्या कॉटपाशी बाप ‘पोलीस केस होईल का’ म्हणून थरथरत असतो. एमएलसीची नोंद होईल, जबाब होईल, पण सरकारचे काम त्याला सांभाळण्याचे आहे, हे त्याला सांगण्याइतका कायदा आपल्याला आलाच पाहिजे.

परिचारिकेच्या स्वतःच्या जखमांविषयी या पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे. ते शेवटी आहे, पण ते आधी वाचले तरी हरकत नाही. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी केईएम रुग्णालयात अरुणा शानबाग या परिचारिकेवर तिथल्याच एका कर्मचाऱ्याने पाशवी हल्ला केला. १८ मे २०१५ ला त्या गेल्या. मधली सगळी वर्षे केईएमच्या परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांना सांभाळले. त्या सेवेचे कौतुक सगळ्यांनी केले. ड्युटी संपवून कपडे बदलण्याची जागा रात्री सुरक्षित आहे का, हा मूळ प्रश्न मात्र ग्रामीण रुग्णालयांत अजून विचारावा लागतो. एका रात्रीत तीन जळीत रुग्ण आणि एक मृत बालक हाताळलेल्या मुलीला सकाळी हँडओव्हर देताना ‘तू कशी आहेस’ असे इन्चार्जने विचारणे ही चैन नव्हे. येरवड्यातच १९८६ साली सुनंदा आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात व्यसनातून बाहेर आलेली माणसेच पुढे इतरांना हात देऊ लागली. सोसलेल्या माणसाकडे देण्यासारखे काही असते हे तिथे दिसले. तसे ते परिचारिकांच्या आपापसातल्या आधारातही दिसायला हवे.

पुस्तक वाचताना प्रोसेस रेकॉर्डिंगची वही जवळ ठेवा. त्या वहीत रुग्ण काय बोलला आणि आपण काय बोललो यांच्या शेजारी तिसरा रकाना असतो, आपल्या मनात त्या वेळी काय आले याचा. तो बहुधा रिकामा सोडला जातो किंवा ‘थेरप्युटिक टेक्निक वापरले’ असे लिहून भरला जातो. ऑर्लँडो यांचे सगळे काम त्या रकान्यात आहे. रुग्णाचा राग आला असेल तर तसे लिहा, त्याचे आडनाव वाचून आपला आवाज बदलला असेल तर तेही लिहा. कोरेगाव भीमाच्या मुलखात काम करणाऱ्याला ते लिहिल्याशिवाय गत्यंतर नाही.

आणि डिस्चार्ज म्हणजे पेप्लॉ यांचा चौथा टप्पा, हे विसरू नका. आपल्याकडे तो गर्दीत, एका सहीवर उरकतो. औषध पिऊन आलेला तो मुलगा चौथ्या दिवशी घरी निघतो तेव्हा घरातली कीटकनाशकाची बाटली कोण कुलपात ठेवणार हे त्याच्यासमोर, त्याच्या आईशी बोलून ठरवा. दौंडला किंवा शिरूरला मानसोपचारतज्ज्ञ कोणत्या वारी बसतात ते आधी विचारून घ्या, पुण्याला जावे लागणार असेल तर सत्तर-ऐंशी किलोमीटरचे एसटीचे भाडे त्यांच्याकडे आहे का तेही विचारा. कार्डाच्या मागे १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहा आणि तो कधीही लावता येतो हे सांगा. गावच्या आशाताईंना कळवायचे का, हे मात्र आधी त्या मुलाला विचारा, आणि तो नको म्हणाला तर पुढच्या तपासणीची तारीख द्या, त्या दिवशी ड्युटीवर कोण असेल त्या सिस्टरचे नाव सांगा.